स्कोलिऑसिस: मणक्याचं ऑपरेशन झालं, पण कंबर-पाठीचा आकार तसाच. कॉस्मेटिक सर्जरी कुणी केली आहे का?

तिरकी_रेघ

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण हे विचारायला दुसरी जागा सुचली नाही.

वय २९, पुणे. मला स्कोलिऑसिस आहे, म्हणजे कणा बाजूला वाकलेला. दहावीच्या सुट्टीत माझं मणक्याचं ऑपरेशन झालं. उजवीकडे वळलेला थोरॅसिक (छातीच्या भागातला) कर्व्ह होता, कॉब अँगल (कण्याच्या वाकाचा कोन) ५८ अंश. स्क्रू आणि टायटॅनियमचे रॉड बसवले, अँगल २२ वर आला. दुखत वगैरे काही नाही. राजगड-तोरणा करते, ऑफिसात दिवसभर बसते. माझ्या सर्जनबद्दल काडीची तक्रार नाही हे आधीच सांगते, नाहीतर धागा भलतीकडे जायचा.

प्रश्न बाहेरून दिसणाऱ्या आकाराचा आहे. पाठीवर उजव्या बाजूला, खांद्याच्या पात्यापाशी, बरगड्यांचा उंचवटा अजून आहे. डावीकडे कंबरेला खोल वळण आणि कुल्ला बाहेर. उजवीकडे काखेपासून खाली जवळजवळ सरळ रेघ. पुढून डावा स्तन उजव्यापेक्षा मोठा दिसतो. कुर्ता घातला की डावीकडे चुण्या पडतात, उजवीकडे पाठीवर कापड ताणलं जातं. पोहायला आवडायचं, ते कधीच सोडलं.

दोघांना दाखवलं. प्लास्टिक सर्जन म्हणाले, उजव्या कंबरेची चरबी काढून उजव्या कुल्ल्यावर भरू, दोन्ही बाजू मिळत्याजुळत्या दिसतील. स्पाइनवाले म्हणाले, उंचवटा घालवायचा तर बरगड्या कापाव्या लागतील. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी 'बरं' म्हणून बाहेर आले आणि रिक्षात बसल्यावर घाबरले. दोघांच्या बोलण्याचा एकमेकांशी मेळ लागत नाही. यातलं काही कुणी करून घेतलंय का? रॉड असताना लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं) चालतं का? खर्च मेडिक्लेममध्ये बसतो का?

'लग्नासाठी करतेयस का' हे घरात विचारून झालंय. उत्तर 'नाही' असं आहे.

सुरंगी

वाचतेय. भाचीला हेच आहे, तिला लिंक पाठवते.

आगाऊ_पाहुणा

दुखत नाही, गड चढता, मग उगाच अंगाला चाकू कशाला लावून घ्यायचा? लोकांच्या नजरेसाठी एवढा खटाटोप? उसेन बोल्टलासुद्धा स्कोलिऑसिस आहे, धावलाच ना तो!

तिरकी_रेघ

@आगाऊ_पाहुणा, धावला, आणि मीही धावते. मी धावण्याबद्दल विचारलेलंच नाही.

हाडवैद्य

मी ऑर्थोपेडिक्समध्ये आहे, स्पाइनचं काम बघतो. इथे कुणालाही तपासलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

आगाऊराव, तुमचा मुद्दा आमच्या पिढीच्या सर्जननाही बरीच वर्षं पटायचा. पण स्कोलिऑसिसच्या रुग्णांसाठी जगभर एसआरएस-२२ नावाची प्रश्नावली वापरतात, त्यात दुखणं, हालचाल, मानसिक स्वास्थ्य, उपचाराबद्दलचं समाधान यांच्या बरोबरीनं 'स्वतःचं रूप कसं वाटतं' हा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे दिसण्याचा प्रश्न हा रोगाचाच भाग धरलेला आहे. आमच्याकडे येणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी कित्येकींची पहिली तक्रार 'ओढणी एका खांद्यावरून सरकते' किंवा 'एक खांदा वर दिसतो' हीच असते.

आता मूळ गोष्ट. स्कोलिऑसिस म्हणजे कणा नुसता बाजूला वाकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. बरगड्या मणक्यांना जोडलेल्या असल्यामुळे त्या पिळासोबत फिरतात. उजव्या थोरॅसिक कर्व्हमध्ये उजव्या बरगड्या मागे ढकलल्या जातात (तो पाठीवरचा उंचवटा) आणि डाव्या पुढे येतात. तिरकी_रेघ यांचा डावा स्तन मोठा दिसतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं: स्तनामागची छातीची भिंत पुढे आलेली. धड उजवीकडे सरकलं की डावा कुल्ला उघडा पडतो आणि उजव्या बाजूचं वळण पुसलं जातं. त्यांनी जे वर्णन केलंय ते पुस्तकात छापावं इतकं नेमकं आहे.

कॉब अँगल मोजतात समोरून काढलेल्या एक्स-रेवर, म्हणजे सपाट चित्रावर. पीळ त्यात नीट येत नाही. म्हणून अँगल ५८ चा २२ झाला तरी उंचवटा त्याच प्रमाणात कमी होईल असं नसतं. १९६० च्या दशकात टेक्सासच्या पॉल हॅरिंग्टन यांचा रॉड आला तेव्हा तो कणा ताणून लांब करायचा, पिळाला फारसा हात लावत नव्हता. हल्ली पेडिकल स्क्रूंनी (मणक्यात मागून बसवायचे स्क्रू) मणका उलटा फिरवून घेता येतो, त्यामुळे उंचवटा बराच बसतो, पण पूर्ण सपाट पाठीचं वचन कुणी देऊ नये.

बरगड्या कापण्याच्या ऑपरेशनला थोरॅकोप्लास्टी म्हणतात. कल्पना जुनी आहे, जर्मनीच्या फोल्कमान यांनी १८८९ मध्ये स्कोलिऑसिससाठी तिचं वर्णन केलं होतं. उंचवट्यावरच्या चार-सहा बरगड्यांचे काही सेंटिमीटरचे तुकडे काढतात. वरचं आवरण शाबूत ठेवलं तर काही महिन्यांत तिथे नवीन हाड भरून येतं, फक्त आता खालच्या पातळीवर. पूर्वी मणक्याच्या ऑपरेशनसोबतच सर्रास करायचे. आता स्क्रूंनी काम भागतं म्हणून कमी झालंय, आणि ते बरंच झालं. कारण छातीच्या पिंजऱ्याला हात लावला की फुफ्फुसाची ताकद निदान काही काळ तरी घटते, आणि फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा किंवा पाणी शिरण्याचा धोका असतो.

तेव्हा दोन्ही डॉक्टर बरोबरच बोलले, फक्त वेगवेगळ्या भागांबद्दल. पाठीवरचा उंचवटा हाडाचा आहे, तो चरबीच्या खेळानं जाणार नाही. कंबर-कुल्ह्यांचा फरक मात्र मांसल भागात झाकता येतो. हे आधी वेगळं करून घ्या. बहुतेकांची निराशा इथेच होते: पैसे कंबरेवर खर्च होतात आणि मनात सलत असते पाठ.

न्यूजर्सीची_नमू

माझी थोरॅकोप्लास्टी झाली आहे म्हणून लिहिते. मूळचं फ्यूजन (मणके एकमेकांना जोडून टाकण्याचं ऑपरेशन) मुंबईत, शाळेत असताना, जुन्या पद्धतीचा रॉड. उंचवटा इतका होता की खुर्चीच्या पाठीला टेकलं की एकच बाजू टेकायची. चाळिशीच्या आत इथे बरगड्यांचं करून घेतलं.

पहिला आठवडा वाईट असतो, गोड बोलून उपयोग नाही. छातीत नळी, तिचं टोक बाटलीत, कूस बदलायची तर नर्सला हाक. खोकला आला की उशी छातीशी आवळून धरायची. तीन चेंडूंचं ते श्वासाचं खेळणं देतात, त्यातला तिसरा चेंडू बरेच दिवस हलायलाच तयार नव्हता. पात्याखालचा एक पट्टा अजून बधिर आहे, तिथे खाजवलं तर खाज दुसरीकडेच जाते.

आणि तरीही मी समाधानी आहे. आता शर्ट पाठीवर सरळ पडतो. कंबर मात्र होती तशीच, त्याचा या ऑपरेशनशी संबंधच नाही (हाडवैद्य म्हणाले तसं). आणि खांद्याचं पातं आता जरा जास्त उठून दिसतं, कारण खालचा आधार खाली गेला. हे मला आधी सांगितलेलं होतं म्हणून धक्का बसला नाही. तू विचार जरूर.

मोगरा_नाशिक

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, कर्व्ह ३१ अंश, सध्या ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक पट्टा) आहे. शाळेत काढून दप्तरात ठेवते. तिच्या मावशीचं म्हणणं, नंतर कॉस्मेटिक सर्जरीनं सगळं नीट करता येतं, आत्ता पोरीला छळू नका. खरंच असं आहे का डॉक्टर?

हाडवैद्य

मोगराताई, मावशींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका. वाढ चालू असताना २५ ते ४० अंशांमध्ये ब्रेसचा उपयोग होतो. २०१३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: ब्रेस लावलेल्या ७२ टक्के मुलांचा कर्व्ह ५० अंशांच्या आत थांबला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये ४८ टक्के. आणि जे दिवसाला सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा जास्त घालत होते त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांच्या पुढे. तेव्हा शाळेत अगदीच जमत नसेल तर डॉक्टरांशी तासांचं बोला, शाळेनंतर आणि रात्री घालून तेरा तास भरतात का बघा. लपवून काढण्यापेक्षा ठरवून काढणं बरं.

बाहेरचा आकार बदलणारी कुठलीही शस्त्रक्रिया कणा आणि शरीर वाढायचं थांबल्यावरच. त्याआधी केलेलं सगळं वाढीत पुन्हा फिरतं.

बुधवारची_ओपीडी

प्लास्टिक सर्जरीत एमसीएच (एमएसनंतरची पदवी) करतोय, विदर्भातून. थोडं आमच्या बाजूचं.

कंबरेसाठी दोनच हत्यारं: एका बाजूची चरबी काढणे (लायपोसक्शन) आणि दुसऱ्या ठिकाणी भरणे (फॅट ग्राफ्टिंग). तुमचा प्लॅन त्या दृष्टीनं तर्कशुद्ध आहे. अडचण अशी की स्कोलिऑसिसच्या बऱ्याच मुली सडपातळ असतात. बोटांत चिमूट धरून बघा, उजव्या कंबरेला कातडीखाली काही येतंय का? नुसती कातडी आली तर ती सरळ रेघ बरगड्यांमुळे आणि स्नायूंमुळे आहे, आणि तिथून काढण्यासारखं काहीच नाही. मग मांडी-पोटावरून घ्यावी लागते, तीही असेल तर.

भरलेली चरबी सगळी टिकत नाही. निम्म्यापासून दोन तृतीयांशपर्यंत राहिली तर आम्ही खूश. म्हणून दुसरी बैठक लागू शकते हे सुरुवातीलाच खर्चात धरा. पुढे वजन उतरलं तर तीही उतरते.

कुल्ल्यावर भरताना एक गोष्ट ठासून विचारा: चरबी फक्त कातडीखाली घालणार ना? स्नायूत गेली आणि तिथल्या मोठ्या शिरेत शिरली तर ती फुफ्फुसात जाऊन माणूस टेबलावर दगावू शकतो. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून इशारा दिला होता की कुल्ह्यांच्या फॅट ग्राफ्टिंगमधला मृत्युदर ३,००० मध्ये १ इतका असू शकतो, सौंदर्य शस्त्रक्रियांमधला सर्वांत जास्त. तुमच्यात घालायची मात्रा कमी आहे, जागा बाजूची आहे, तरी प्रश्न विचाराच.

रॉड असताना लायपो चालतं. पण पिळलेल्या छातीत बरगड्या नेहमीच्या खोलीवर नसतात, एका बाजूला कातडीच्या अगदी जवळ येतात. नळी आंधळेपणाने फिरवणाऱ्याचं हे काम नाही. ताजा सीटी स्कॅन किंवा निदान एक्स-रे सर्जनने समोर ठेवून बघितला पाहिजे. ज्यानं तुमचे जुने एक्स-रे मागितलेच नाहीत त्याच्याकडे परत जाऊ नका.

स्तनांबद्दल: छातीची भिंत पुढे आल्यामुळे फरक दिसत असेल तर वेगवेगळ्या मापाचे इम्प्लांट घालूनही तंतोतंत जोडी जमत नाही, निपलची दिशाच वेगळी असते. थोडाच फरक असेल तर लहान बाजूला चरबी भरणं मला जास्त पटतं. इम्प्लांट जन्मभराचा नसतो, पुढे कधीतरी बदलावा लागतो. आणि खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा एका दुर्मिळ लिंफोमाशी (एक प्रकारचा कॅन्सर) संबंध सापडल्यावर २०१९ मध्ये अ‍ॅलरगन कंपनीने आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत बोलावले. घालायचाच झाला तर कुठल्या जातीचा, हे नाव-नंबरासह कागदावर घ्या.

आगाऊ_पाहुणा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सुरंगी

आगाऊराव, काय लिहिलं होतं ते आम्ही वाचलंय बरं का. :-)

अवांतर: ब्रिटनच्या राजकन्या युजिनी आठवतात का? बारा वर्षांची असताना, २००२ मध्ये, तिचं स्कोलिऑसिसचं ऑपरेशन झालं होतं. २०१८ च्या लग्नात मुद्दाम मागून खोल गळ्याचा गाऊन शिवून घेतला, पाठीवरचा व्रण दिसावा म्हणून.

तिरकी_रेघ

सुरंगी, माहितीये. तो फोटो मला इतक्या जणांनी पाठवलाय की विचारू नकोस! व्रणाबद्दल मला काही वाटत नाही गं. माझा व्रण उत्तम आहे, मानेपासून सरळ खाली. त्याच्या दोन्ही बाजूंना जे आहे त्याचं काय करायचं हा प्रश्न आहे.

@बुधवारची_ओपीडी, चिमूट धरून बघितली. उजवीकडे नुसती कातडी नाही, काहीतरी येतंय. पण फार नाही.

भूल_देणारा

नावातच सगळं आहे. ऑपरेशन छोटं म्हणून भूलही छोटी असं समजू नका.

रॉड कुठपर्यंत आहेत ते डिस्चार्ज कार्डात लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ टी४ ते एल१ (टी म्हणजे छातीचे मणके, एल म्हणजे कमरेचे). खालचे मणके मोकळे असतील तर कमरेतून सुई देऊन स्पायनल (शरीराचा खालचा भाग बधिर करणारी भूल) बहुधा जमते. फ्यूजन एल४ पर्यंत गेलं असेल तर सुईला वाट मिळणं कठीण, औषध वर सारखं पसरेल याची खात्री नाही, मग पूर्ण भूल बरी. पुढे बाळंतपणातही हीच माहिती लागते, तेव्हा त्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा. पूर्ण भूल द्यायची तर आधी फुफ्फुसाची चाचणी करून घ्या, विशेषतः बरगड्यांचं ठरवलंत तर.

लायपोसाठी जे पाणी आत सोडतात त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं. त्याची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ३५ मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही हा सावध नियम. सडपातळ माणसात ही मर्यादा लवकर गाठली जाते. जिथे भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर नाही, नुसता 'गरज पडली तर बोलावू' असा आहे, त्या चकचकीत क्लिनिकच्या पायऱ्या उतरा.

सुईदोरा

मी डोंबिवलीत शिवणकाम करते. डॉक्टर लोकांच्या मध्ये बोलते, माफ करा, पण अशा मुली माझ्याकडे येतात म्हणून सांगते.

नेहमीचा टेलर छातीचं पूर्ण माप घेतो आणि निम्मं करून दोन्ही बाजू सारख्या कापतो. तिथेच गडबड होते. माप पाठीच्या मधल्या रेषेपासून डावं वेगळं, उजवं वेगळं घ्यायला सांग. खांद्यापासून कंबरेपर्यंतची लांबीही दोन्हीकडची वेगळी. कटोरी ब्लाउज नको, प्रिन्सेस कट घे, त्यात उभ्या शिवणीतून उजवीकडे पाव इंच सोडता येतो आणि डावीकडे दाबता येतो, बाहेरून कळत नाही. लहान बाजूच्या कपात पातळ पॅड, खाली उतरलेल्या खांद्याला आतून अर्धा पॅड. कापड सुती जाड किंवा खणाचं घे. क्रेप, जॉर्जेट अंगाला चिकटून सगळं दाखवतात. कुर्त्याची बाजूची चीर दोन्हीकडे एकाच उंचीवर न ठेवता घालून बघून मारायची.

ऑपरेशन कर किंवा नको करूस, कपडे तर रोज घालायचे आहेत.

मोगरा_नाशिक

सुईदोराताई, लेकीच्या शाळेचा गणवेश असाच शिवून घेते. ब्रेस वरून दिसतो म्हणूनच ती काढते असं मला वाटायला लागलंय.

सुईदोरा

मग शर्ट एक माप मोठा घ्या आणि खांदे मूळ मापाला आणून शिवा. नुसता मोठा घेतला तर खांदे लोंबतात आणि पोरी घालत नाहीत. ब्रेसच्या आत बिनशिवणीचा सुती बनियन.

कलमबहाद्दर

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून मी. आरोग्य विम्याच्या क्लेममध्ये नोकरी.

विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेली वगळण्याची कलमं आहेत, त्यात आठवं कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. अपवाद तीन घटनांचे, अपघात, भाजणं आणि कॅन्सर, यांनंतरची पुनर्रचना. शिवाय प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं लिहून दिलं असेल तर. कंबरेचं फॅट ग्राफ्टिंग यात बसत नाही, क्लेम टाकून वेळ घालवू नका. थोरॅकोप्लास्टी स्पाइन सर्जनने श्वासाच्या किंवा दुखण्याच्या कारणासाठी सुचवली असेल तर भांडायला जागा आहे, पण कारण खरं असलं पाहिजे आणि प्री-ऑथ (कंपनीची पूर्वमंजुरी) आधी घेतलं पाहिजे.

दुसरं, जीएसटी. उपचारांवर एरवी तो नसतो, पण कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के लागतो. त्यालाही अपवाद आहे: जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया करमुक्त. किशोरवयात वाढीबरोबर आलेला स्कोलिऑसिस हा वाढीतल्या विकृतीत धरावा असं माझं मत, पण बिल रुग्णालय बनवतं. म्हणून निदान आणि हेतू स्पष्ट लिहिलेलं सर्जनचं पत्र ऑपरेशनच्या आधी घ्या. मोठ्या बिलात १८ टक्के म्हणजे थोडेथोडके नाहीत.

खाजगी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या ठिकाणी प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. रांग मोठी, पण तिथे निदान कुणी पॅकेज विकत नाही.

न्यूजर्सीची_नमू

+१. आणि डॉक्टर एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहे का ते मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत बघून घे. 'कॉस्मेटिक सर्जन' अशी पाटी कुणीही लावतं.

तिरकी_रेघ

सगळ्यांचे आभार. थोडं अपडेट.

डिस्चार्ज कार्ड सापडलं, आईने माळ्यावरच्या ट्रंकेत एक्स-रेसकट जपून ठेवलं होतं. फ्यूजन टी४ ते एल१. ते घेऊन स्पाइनवाल्या डॉक्टरांकडे परत गेले आणि सरळ विचारलं, बरगड्या कापून नेमकं किती कमी होईल. त्यांनी मला वाकवून पाठीवर स्कोलिओमीटर (उंचवट्याचा कल मोजायची पट्टी) ठेवला, ११ अंश आले. म्हणाले निम्म्यापर्यंत येईल, पात्याचं सांगता येत नाही. नमूताई, तू लिहिलेलं सगळं त्यांनी मान्य केलं, आधीच्या वेळी मात्र यातलं काही बोलले नव्हते. बरगड्यांचं मी करत नाहीये. मला त्या उंचवट्यापेक्षा कंबर जास्त सलते, हे इथे लिहितानाच लक्षात आलं.

स्तनांनाही हात लावणार नाही, पॅड पुरे. कंबर आणि उजवा कुल्ला करायचं जवळजवळ ठरलंय, पण आधीच्या क्लिनिकमध्ये नाही. तिथे एक्स-रे मागितले नव्हते. दुसऱ्या सर्जननी मागितले, चारी बाजूंनी फोटो काढले आणि कागदावर पेनने दाखवलं की डावी कंबर जशी आहे तशी उजवी कधीच होणार नाही, कपड्यांतून फरक कळणार नाही इतपतच होईल. हेही म्हणाले की दोन-तीन किलो वजन वाढवून ते टिकवून या.

सुरंगी

ऑपरेशनसाठी वजन वाढवा म्हणणारा डॉक्टर! पत्ता दे, मी वजनासकट तयार आहे.

भूल_देणारा

एल१ म्हणजे खाली जागा मोकळी आहे, उत्तम. तरी ताजा एक्स-रे भूलतज्ज्ञाला दाखवा. रक्त पातळ करणारं काही, आयुर्वेदिक किंवा पूरक गोळ्यासुद्धा चालू असतील तर सांगा. लपवतात लोक.

कलमबहाद्दर

जीएसटीच्या पत्राचं काय झालं?

तिरकी_रेघ

मागितलं. सर्जन लगेच तयार झाले, बिलिंगच्या काउंटरवरच्या बाईंनी मात्र 'असं काही नसतं' म्हणून परत पाठवलं. तो अपवाद कुठल्या अधिसूचनेत आहे? नंबर दिलात तर प्रिंट काढून नेते.

कलमबहाद्दर

केंद्रीय कर (दर), १२/२०१७, तारीख २८ जून २०१७. त्यात 'आरोग्य सेवा' या शब्दाची व्याख्या बघा, अपवाद तिथेच आहे. काउंटरवर वाद घालू नका, रुग्णालयाच्या अकाउंट्स विभागाला ईमेल करा, सर्जनचं पत्र जोडून. उत्तर लेखी मागा.